तिसऱ्या अंकातलं ताट

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. जमिनीत नाही, पैशात नाही. आमच्या भागात भावाबहिणीचं फाटलं म्हटलं की लोक आधी विचारतात, प्लॉट कुठला? सरकारने घेतलेल्या शेतांच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटांवरून इथे घराघरात कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आमचं तसं नाही. त्याने मला नाटकात फसवलं. गावदेवीच्या देवळासमोर, चालू प्रयोगात, सगळं गाव डोळे पुसत असताना.

आमचं गाव उरणच्या बाजूला, मोऱ्याच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. चैत्रातल्या जत्रेला गावात नाटक होतं आणि ते एकच नाटक. दुसरं कधी झालं नाही. त्याला नाव आहे, पण गावात ते कुणी घेत नाही, नुसतं 'नाटक' म्हणतात. आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं, तीन अंकी, संगीत. गोष्ट सोपी आहे. एका गरीब घरातली थोरली मुलगी चांगली गाणारी असते. तिला राजदरबारातून बोलावणं येतं, ती जाते, नाव कमावते, मागे घर विस्कटतं. दुसऱ्या अंकात ती परत येते. तिसऱ्या अंकात दरबार तिच्यासाठी पुन्हा मेणा पाठवतो. तेव्हा धाकटा भाऊ देवीचं ताट घेऊन पुढे येतो आणि त्या ताटावर हात ठेवून ती शपथ घेते, की या घराला माझी गरज आहे तोवर हा उंबरा मी ओलांडणार नाही. भोई रिकामा मेणा उचलून निघून जातात आणि पडदा पडतो.

त्या रिकाम्या मेण्यावर आमचं गाव पिढ्यानपिढ्या रडत आलंय. मला लहानपणीच एक प्रश्न पडायचा. नाटकातल्या त्या घरात धडधाकट भाऊ आहे, मग घर तो का नाही सांभाळत? आईला विचारलं की ती म्हणायची, "नाटक हाय ते. गप बघ."

त्या भावाचं काम आमच्या घरात चालत आलं होतं. आधी आजोबा करायचे, मग बाबा. बाबा गेल्यावर ते दादाकडे आलं. नाटकाच्या सामानाची पत्र्याची ट्रंकही आमच्याच घरी असायची, म्हणून तालमी आमच्या ओटीवर व्हायच्या. पुरुषांची कामं गावातले पुरुष करायचे. नायिकेसाठी मात्र मुंबईहून नटी आणायची पद्धत होती. गावातली बाई स्टेजवर चढायची नाही. नटी यायची ती शेवटच्या दोन तालमींना, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने. तोवर महिनाभर पुरुषांनी वाक्यं कुणासमोर बोलायची? कुणीतरी नायिकेची वाक्यं म्हणायला हवं. ते काम माझ्याकडे आलं, कारण मला वाचता येत होतं आणि आवाज मोठा होता.

पण पुरुषांत जाऊन उभं राहायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, भाजी निवडत निवडत, तिची वाक्यं म्हणायची. ओटीवर तिच्या जागी एक पाट ठेवलेला असायचा. सगळे त्या पाटाकडे बघून बोलायचे आणि उत्तर आतून यायचं. दादा त्या पाटासमोर गुडघे टेकून रडायचा आणि मी आत शेंगा सोलत त्याचं सांत्वन करायची. पहिल्या वर्षी वही लागली. पुढच्या वर्षी वही लागली नाही. त्यानंतर पुरुष चुकले की मी त्यांचीही वाक्यं सांगायला लागले. चिडायचीही. दरबाराचा मेणा घेऊन येणारा आमचा राजदूत एका वाक्याला दर वर्षी अडकायचा. मी एकदा आतून ओरडले, "अरे, नाय जमत तर मेण्याला खांदा दे, बोलू नको." सगळी ओटी हसली. दादाही हसला.

मी विशीत असताना एका जत्रेला नटी आलीच नाही. तिला त्याच दिवशी दुसरीकडे प्रयोग मिळाला होता. निरोप आला तेव्हा तालमीला मास्तरही हजर होते. मास्तर म्हणजे मुंबईचे दिग्दर्शक. शेवटच्या दिवसांत नाटक बसवून द्यायला आम्ही त्यांना आणायचो. बाकी वर्षभर त्यांची कंपनी गावोगाव प्रयोग करायची. सगळे डोक्याला हात लावून बसले होते. मास्तर म्हणाले, तालीम थांबवू नका, वाक्यं तरी होऊन जाऊ द्या. मी नेहमीसारखी आतून बोलायला लागले. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर मास्तर उठले, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय लावून तो पाट बाजूला सारला.

"बाहेर ये," ते म्हणाले. "नटी घरात आहे आणि तुम्ही मुंबईला निरोप पाठवता?"

गावात दोन दिवस कुजबुज झाली. शेवटी नाटक बंद पडण्यापेक्षा मी बरी, असं ठरलं. आई घाबरली, पण मास्तर रोज तिच्या हातचा चहा पिऊन तारीफ करायचे, त्याने ती निवळली. जत्रेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी आईला आणि दादाला समोर बसवून सांगितलं, की जत्रा झाली की हिला माझ्याकडे पाठवा. राहायची सोय माझ्या बहिणीकडे. वर्षभर शिकेल आणि पुढच्या हंगामात माझ्या कंपनीत उभी राहील.

मी दादाकडे बघितलं. तो पटकन म्हणाला, "जाऊ दे की. बाय आमची नाव काढेल."

आईने कमरेवर हात दाबला. तिच्या कमरेचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, विहिरीवरून पाणी आणायला तिला मी लागायची. पण ती नाही म्हणाली नाही. मोऱ्याहून लाँच पकडली की तासाभरात मुंबई. दर रविवारी येईन, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. त्या संध्याकाळी मी माझे कपडे एका पिशवीत भरूनही ठेवले.

आता ताटाचं सांगते. ट्रंकेत नाटकाचं ताट होतं, ॲल्युमिनियमचं, सोनेरी रंग दिलेलं. त्यात नारळ होता तो कागदाच्या लगद्याचा. पोचे आलेला, एका बाजूचा रंग उडालेला, हातात घेतला तर फुंकरीने उडेल असा. हळद म्हणून पिवळी रांगोळी. वर्षानुवर्षं त्याच ताटावर वेगवेगळ्या नट्यांनी हात ठेवून शपथा घेतल्या, मानधन घेतलं आणि सकाळच्या लाँचने निघून गेल्या. कुणी कुणाचा उंबरा धरून बसलं नाही.

प्रयोगात पहिले दोन अंक चांगले झाले. बायका पुढे बसल्या होत्या, आई त्यांच्यात. तिसऱ्या अंकात मेणा आला. दादा विंगेतून ताट घेऊन आला, ठरल्याप्रमाणे माझ्यासमोर गुडघे टेकले आणि ताट वर धरलं. मी हात ठेवला आणि मला कळलं. ताट पितळेचं होतं, जड. नारळ खरा, शेंडीला ओला कुंकवाचा लेप. हळदीला देवळाच्या गाभाऱ्यातला वास होता, तेलाचा आणि कापराचा. ते गावदेवीचं ताट होतं, वर्षातून एकदा पालखीच्या वेळी बाहेर निघतं ते. मी दादाकडे बघितलं. तो भूमिकेत होता. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतायत.

समोर सगळं गाव. विंगेत मास्तर. पुढचं वाक्य माझं होतं. मी काय करणार होते? मी वाक्य म्हटलं. जसं उंबऱ्यावर बसून म्हणायची त्याहून चांगलं म्हटलं, कारण हाताखाली खरं काहीतरी होतं. असा तिसरा अंक या गावात झाला नाही, असं म्हातारे अजून सांगतात. पडदा पडला तसा देवळाचा पुजारी स्टेजवर आला आणि दोन्ही हातांनी ते ताट घेऊन, कुणाचा स्पर्श होऊ नये असा सांभाळत, गाभाऱ्यात घेऊन गेला. बायकांनी ते बघितलं. आईनेही बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरात होता, पण एक शब्द बोलला नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. आता मी रोज सौदे करते, त्यामुळे ओळखू येतं. आपण गप्प बसायचं आणि ज्याचा शब्द समोरच्याला मोडता येणार नाही त्याला बोलायला लावायचं. आई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "पोरी, देवीफुरं बोललीस तू. हात ठेवून बोललीस. आता मागं नाय घ्यायाचा."

"आई, नाटकातलं वाक्य होतं ते."

"ताट नाटकातलं होतं का?"

मी दादाला विचारलं, ताट कुणी आणलं? तो म्हणाला, ऐनवेळी ट्रंकेतलं सापडेना, म्हणून देवळातलं आणलं, माझ्या काय डोक्यात होतं? मी ट्रंक उघडली. ते सोनेरी ताट वरच होतं, मेण्याच्या पडद्याखाली. कागदाचा नारळही होता. मी दोन्ही त्याच्यासमोर आपटले. "घाईत दिसलं नाय," तो म्हणाला.

दुपारी मास्तर आले, मला न्यायला. आई आत जाऊन पाठ करून बसली. दादाने त्यांना हात जोडले. "साहेब, मी तर पाठवायलाच बसलो होतो. पन तिनंच शब्द दिला."

मास्तर हसले. "अहो, नाटक आहे ते."

"तुमच्याकडं नाटक असंल," दादा म्हणाला. "आमच्याकडं देवी हाय."

मास्तर माझ्याकडे वळले. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. आतून आईच्या हुंदक्याचा आवाज येत होता. मी पिशवी उचलली नाही. मास्तर लाँचला उशीर होईल म्हणून निघाले. आमच्या दारातून ते एकटेच चालत धक्क्याकडे गेले, तेव्हा गल्लीतल्या दोन बायका पदराला डोळे लावून उभ्या होत्या. त्यांना तो चौथा अंक वाटला असावा.

पुढचं पटापट झालं. दादाला न्हावा शेव्याच्या बंदरावर, माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी लागली. ती बोलणी जत्रेच्या आधीपासून चालू होती, हे मला नंतर त्याच्या मालकाकडूनच कळलं. लग्न ठरलं. वहिनीला गावात राहायचं नव्हतं. पावसाळा संपायच्या आत दादाने कामोठ्याला फ्लॅट घेतला. निघताना तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, बाय हाय ना. मना टेन्शन नाय." नाटकातला भाऊ शेवटी बहिणीच्या गळ्यात पडून रडतो. हा टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि फ्रिज नीट बांधलाय का ते मान वळवून बघत गेला.

मुंबई समुद्राने तासाभरावर आणि कामोठे रस्त्याने तासाभरावर. मी दर रविवारी येणार होते. तो गणपतीला यायचा.

आईची कमर गेली, मग पाय गेले. बरीच वर्षं ती खाटेवर होती. तिचं सगळं मी केलं आणि ते करताना मला कधी तिचा राग आला नाही, हे लिहून ठेवते, कारण नातेवाइकांत वेगळं बोललं जातं. माझ्यासाठी दोन स्थळं आली. दोघांनाही सासू नको होती आणि सासूची खाट तर नकोच होती. जाण्याच्या काही दिवस आधी आई माझा हात धरून म्हणाली, "शब्द राखलास, पोरी." मी तिला दुसरं काही सांगितलं नाही. मी देवीसाठी थांबले, असंच समजून ती गेली. मी तिच्यासाठी थांबले होते, हे तिला कळलंच नाही. तेवढंही दादाने खाल्लं.

पोटासाठी मी लाकडाचा धंदा धरला. बंदरावर उतरणाऱ्या कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून फळ्या, ठोकळे, पॅलेट टाकलेले असतात. माल गेला की यार्डवाले ते लाकूड विकून टाकतात. सुरुवातीला मी चुलीसाठी आणायची. मग बघितलं, की लोक हेच रंधून टेबलं बनवतात. सकाळी आईचं आवरून, शेजारणीला बसवून, मी यार्डाच्या गेटवर पुरुषांच्या घोळक्यात उभी राहायची. पहिली दोन वर्षं मला कुणी भाव सांगत नसे. आज माझी स्वतःची वखार आहे, करवतीचं मशीन आहे, हाताखाली माणसं आहेत. यार्डातले लोक म्हणतात, मॅडम आली की आधी चहा द्या, मग कानात कापूस घाला. मी ओरडते हे खरं आहे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, असं एका माणसाने मला एकदा सांगितलं होतं. तो आवाज कामाला लावायला दुसरी जागा मला मिळाली नाही.

सौद्यात माझी एक पद्धत आहे. समोरच्याला जे द्यायचं नाही, ते आधी मागायचं. मिळणार नाही हे माहीत असतं. पण तो 'नाही' का म्हणतो ते ऐकलं, की मालाबद्दल सगळं कळतं.

या वर्षी, जत्रेच्या आधी, दादा वखारीत आला. तो आता मंडळाचा अध्यक्ष आहे. राहतो कामोठ्याला, पण गावात त्याचं नाव आहे. घरासाठी झटणारा माणूस म्हणून त्याचे सत्कार होतात. इतकी वर्षं तो नाटकातला भाऊ करत आलाय, लोक आता त्यालाच तो भाऊ समजतात. यंदा नायिका त्याची मुलगी, माझी भाची. गावातली मुलगी स्टेजवर चढण्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पोर गुणी आहे, त्यात वाद नाही. महिनाभर माझ्याकडे येऊन तिसरा अंक घोटत होती. "आत्या, तू म्हटलंस की अंगावर काटा येतो, मी म्हटलं की नुसतं वाक्य होतं," असं म्हणून डोक्याला हात लावायची.

"यंदा स्टेज वाढवायचाय, बाय," दादा म्हणाला. "फळ्या दे. गावाचं काम हाय."

"देते. भाडं नको, ने-आण माझी. एकच गोष्ट कर. तिसऱ्या अंकात ताट देवळातलं घे."

तो हसला. "कशाला? स्टीलचं आनलंय ना नवीन."

"माझ्या वेळी देवळातलं होतं."

"तवा ट्रंकेतलं गावलं नव्हतं. किती वेळा सांगू तुला?"

"मग आता गावलंय तरी देवळातलं घे. शोभा येते. म्हातारे अजून नाव काढतात त्या अंकाचं."

"दुसरं काय पन माग."

"दुसरं काय नको."

"तू उगाच अडवतेस."

"फुकट फळ्या देते, ती अडवते होय? सगळ्या नेतोस त्या ने. पितळेचं एक ताट मागते. ते पण मला नको, तुझ्या लेकीच्या हाताखाली पाहिजे."

तेव्हा त्याचा तोल गेला. "अगं, वेडी का काय? जत्रा झाली की पोरगी दिल्लीला चाललीय नाटकाचं शिकाया. किती मुश्किलीनं नंबर लागलाय तिचा. आन देवीच्या ताटावर हात ठेवून तिला बोलाया लावू, घर सोडनार नाय म्हनून? उद्या काय इपरीत झालं, मंग?"

करवत बंद होती. त्याने स्वतःचं वाक्य स्वतः ऐकलं आणि तोंड उघडं तसंच राहिलं. रुमाल काढून त्याने मान पुसली.

"काय होणार, दादा?" मी म्हटलं. "नाटक हाय ते."

तो उठला, गाडीत बसला आणि गेला. त्याचा मेसेज आला, फळ्या नकोत, दुसरीकडे बघतो.

फळ्या मी तरीही पाठवल्या. निवडून, एका जाडीच्या, खिळे काढून, वाळवी न लागलेल्या. भाचीच्या पायाखाली फळी हलता कामा नये. ती स्टीलच्या ताटावर हात ठेवेल, टाळ्या घेईल आणि दिल्लीला जाईल. जायलाच पाहिजे. तिला कुणी अडवलं तर आधी मी त्याच्या अंगावर जाईन. तिच्या बापालाही सोडणार नाही.

पण बापाकडे माझा हिशेब वेगळा आहे. इतकी वर्षं मी स्वतःला बजावत होते, की कदाचित खरंच घाई झाली असेल, कदाचित खरंच दिसलं नसेल, भाऊ आहे आपला. आता ती सोय त्याने ठेवली नाही. ताटाने माणूस बांधला जातो हे त्याला आज कळतं, तर तेव्हाही कळत होतं. लेकीसाठी तो देवीला भितो. बहिणीला बांधायला त्याने तीच देवी वापरली. त्याला जायचं होतं म्हणून कुणीतरी राहायला हवं होतं. घर की स्वतःचं नाव, असा प्रश्न आमच्या घरात दोघांसमोर होता. उत्तर मी दिलं आणि सत्कार त्याचे झाले.

दादा, जत्रेला नाटकाआधी तू माईकवर बोलतोस. आभार मानतोस, नारळ फोडतोस. यंदा मी बायकांत पहिल्या रांगेत बसणार आहे, आई बसायची तिथे. सोनेरी ताट आणि तो कागदाचा नारळ माझ्या मांडीवर असेल. ट्रंकेतून मी ते कधीच काढून ठेवलेत. तू गावदेवीच्या पायरीवर उभा राहा, लेकीला शेजारी घे आणि सांग, त्या संध्याकाळी गाभाऱ्यातून ते पितळेचं ताट कुणी उचललं आणि कशासाठी. तू सांगेपर्यंत पडदा वर जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.